मी दरबारी नव्हे

मी सायकल बोलतेय. इंदूर शहरातल्या जुनी इंदूर वस्तीत राहणाऱ्या दिनानाथची काळी सायकल. आधीच सांगून ठेवते, माझी जबान गोड नाही. जी भाषा वरून कानावर पडली तीच शिकले, आणि माझ्यावर बसणारा दिनानाथ म्हणजे एकदम तिखट माणूस. शाळेत जेमतेम गेला, मास्तराशी भांडून आला, तो परत गेलाच नाही. नदीपलीकडं त्याची वाडी आहे, गोभी-वांगी लावतो आणि रोज मंडीत नेतो. त्याच्यासारखीच मीही सरळ बोलते. कोणाला खपत नसलं तर त्यानं इथूनच मागं फिरावं.

मला लाज वाटते. लाज कसली, तेच सांगायला बसलेय.

माझा जन्म विलायतेतला, पण ऐटीतला नाही. लढाईतला. तिकडं तेव्हा सगळं लोखंड तोफा-बंदुकीला जात होतं, सायकलीला चकाकी कोण देणार? माझं हँडल काळं, चाकाच्या रिंगा काळ्या, घंटीसुद्धा काळी. सीटची दांडी जिथं आत जाते तिथं एक नंबर ठोकला, आणि नंबराशेजारी एक बारीक बाण. बाण म्हणजे सरकारी फौजेचा माल. मग जहाजात कोंबलं आणि महूच्या छावणीत आणून टाकलं. तिथं एक लाल तोंडाचा शिपाई माझ्यावरून डाक वाटायचा आणि उतरला की मला भिंतीवर आपटायचा. लढाई संपली, तो आपल्या देशी गेला, आणि मी लिलावाच्या ढिगात पडले.

त्या ढिगातून मला प्रतापरावांनी काढलं. दिनानाथचे वडील ते. पूर्वी होळकर दरबारात घोड्यांच्या पागेवर होते. मला निवडायची त्यांची तऱ्हाच निराळी. दुसरे लोक टायर दाबत होते, घंटी वाजवत होते. हे मात्र खिशातून सुतळी काढून माझा दांडा मोजत होते. ढिगात आमच्या कंपनीच्या आणखीही होत्या, पण सुतळी माझ्यावर बरोबर बसली. मला वाटलं, आपलं नशीब निघालं.

महूहून इंदूरला येताना वाटेत राऊ लागतं. तिथं ओळखीचं कोणी नसेल असं बघून ते एका लोहाराकडं थांबले. खिशातून एक पितळेची पट्टी काढली. तिच्यावर कोरलं होतं, ‘इनाम, दरबार इंदूर, सन १९३१’, आणि खाली त्यांचं नाव. ती पट्टी माझ्या कपाळावर, हँडलच्या खाली, ठोकायला सांगितली. लोहार म्हणाला, दुसऱ्या सायकलीची काढलेली दिसते. प्रतापराव म्हणाले, तू खिळा ठोक. मग माझ्या काळ्या हँडलवर चांदीचा रंग चढवला आणि मला घरी आणलं.

गल्लीत शिरले तर लोक मला ओळखीनं हाक मारायला लागले. मी बिचकले. मला ओळखणारं इथं कोण? हळूहळू बोलण्यातून कळलं. राजवाड्याच्या बग्गीचे घोडे एकदा भर बाजारात उधळले होते. प्रतापरावांनी लगाम पकडून ते थांबवले, म्हणून दरबारातून त्यांना नवी कोरी सायकल इनाम मिळाली होती. लोकांना वाटत होतं, ती सायकल म्हणजे मीच. खरी कुठं गेली, का गेली, मला ठाऊक नव्हतं. एवढं ठाऊक होतं, की तिची पट्टी माझ्या कपाळावर आहे आणि मी गप्प आहे. मला तोंड कुठं होतं?

आमच्या गल्लीत जुन्या शिपाईगड्यांची घरं. तिथं एक रीत आहे. खंडेनवमीला मारुतीच्या ओट्यावर सगळ्यांची हत्यारं एकत्र पुजतात. कोणाचा विळा, कोणाची करवत, कोणाची पकड, सगळं खाली सतरंजीवर मांडतात. पण दरबारातून मिळालेली चीज असेल तर ती पाटावर. पाटावर तीनच जागा होत्या. पहिली आमची, मग नानासाहेबांची तलवार, मग एका घरचा भाला. ज्याची चीज पहिली, त्यानं आरतीला हात लावायचा, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत सोनंही त्यानंच आधी वाटायचं. ओट्यावर बापाची जागा मुलाला मिळते. कागद नाही, सही नाही, पण कोणी मोडत नाही.

दरसाल मला धुऊन, हार घालून पाटावर टेकवायचे. प्रतापराव आरतीला उभे राहायचे ते खाली मान घालून. लोक म्हणायचे, किती नम्र माणूस. ते माझ्यावर कधी बसले नाहीत. मंडीत जायचं तर मला हातानं धरून चालत जायचे. आणि दिनानाथला तर मला हात लावायची बंदी होती.

ते वारले आणि दिनानाथनं मला वाडीच्या कामाला जुंपलं. मागं दोन टोपल्या, पुढं एक पोतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. ओझ्याला मी घाबरत नाही, फौजेतली आहे. पण जिथं जाईल तिथं हा माणूस माझी पट्टी दाखवायचा. चहाच्या ठेल्यावर, मंडीच्या तराजूपाशी, कुठंही. “ही काय फालतू सायकल समजलास का भिया? दरबारी आहे. बापानं घोडे अडवले होते माझ्या.” कोणी हसलं तर त्याची गचांडी धरायचा. त्याचा राग म्हणजे चुलीवरचं दूध, बघता बघता वर. मला तेव्हा जमिनीत शिरावंसं वाटायचं.

या वर्षी गणपती उठले आणि ओट्यावर नवमीची बात निघाली. नानासाहेब पूर्वी दरबारच्या कोठीत कामाला होते. राज्य गेलं, मध्यभारत झाला, तरी त्यांची टोपी आणि बोलणं तसंच. म्हणाले, हल्ली ज्याच्या त्याच्या घरी दरबारी माल निघतोय. आमच्या तलवारीवर मोहोर आहे. पट्टीचं काय, बोहारपट्टीच्या बाजारात कोणीही कोरून देतो. मी त्या साली कोठीत होतो, इनामाच्या सायकली अशा मरतुकड्या नव्हत्या.

दिनानाथ ताडकन उठला. चौघांनी धरला म्हणून बरं, नाहीतर नानासाहेबांची टोपी नाल्यात गेली असती. धरल्या धरल्याच तो ओरडला, की माझे दाजी सियागंजात सायकलीच्या ठोक दुकानात आहेत, त्यांना आणतो. सगळ्यांसमोर सायकलीचं साल काढायला लावतो.

“आणि नसली दरबारी तर?” नानासाहेबांनी विचारलं.

“नसली तर पाटावरची जागा तुमची. आणि माझ्या बापाचं नाव या ओट्यावर कोणी घेऊ नका.”

घरी आल्यावर आईनं, अंबिकाबाईनं, त्याला सांगून बघितलं. कशाला उकरतोस, नानासाहेब म्हातारे आहेत, बोलतात. नवमी होऊन जाऊ दे. पण दिनानाथला कोणी नको म्हटलं की तो तेच करतो. म्हणाला, बापाची इज्जत आहे आई, तू चूप बस. ती माझ्याकडं बघत राहिली. मला तेव्हाच समजायला हवं होतं, की हिला माहीत आहे.

रविवारी सकाळी सगळे ओट्यावर जमले आणि लक्ष्मीकांत आले. दिनानाथच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मऊ माणूस, धोतराला ग्रीस लागू नये म्हणून खाली कागद अंथरून बसणारा. आल्या आल्या मेहुण्याची मस्करी केली, की तुझ्या बहिणीनं मला बजावलंय, साल चुकीचं निघालं तर जेवायला थांबू नका. सगळे हसले. दिनानाथ सगळ्यांत जोरात.

लक्ष्मीकांतांनी सीट काढली. आतली काळी धूळ घासलेटच्या फडक्यानं पुसली, वरचा रंग पॉलिशच्या कागदानं हळूहळू घासला. मी अंग चोरून घेतलं, पण सायकल अंग कुठवर चोरणार? नंबर वर आला. ते बराच वेळ वाकून बघत राहिले. मग उठून उगीच चष्मा पुसला आणि म्हणाले, नंबर घासलाय, नीट लागत नाही. राहू दे दिनानाथ, चहा सांग.

ते मला वाचवत होते. मला नाही, त्याला. पण हा गडी ऐकेल तर ना.

“नाही कसा लागत? मला इथून दिसतोय. दाजी, तुम्ही शिकले-सवरलेले, घाबरता काय को?” मग त्याला आणखी एक हुशारी सुचली. नानासाहेबांकडंही आमच्याच कंपनीची सायकल होती. लढाई पेटली त्या साली त्यांनी ती कोरी घेतली होती, सगळ्या गल्लीनं तेव्हा पेढे खाल्ले होते. दिनानाथ म्हणाला, ती आणा. शेजारी लावा. कंपनी नंबर चढत्या क्रमानं देते का नाही दाजी? जिचा नंबर लहान ती जुनी. माझी त्यांच्यापेक्षा आठ साल जुनी निघेल, तेव्हा यांचं तोंड बघा.

लक्ष्मीकांतांना मान डोलवावीच लागली. खरंच होतं ते.

नानासाहेबांची सायकल आली. तिची सीट निघाली. दिनानाथला अक्षर कमी येतं, पण आकडा पक्का, मंडीतला माणूस. त्यानं स्वतःच मोठ्यांदा वाचला. चार लाखांतला. मग माझ्यावर वाकला आणि त्याच जोरात वाचायला लागला, आणि अर्ध्यावर त्याचा आवाज बसला. सात लाखांतला.

ओट्यावरची माणसं पुढं सरकली.

नानासाहेबांनीच विचारलं, नंबराशेजारी ही खूण कसली. लक्ष्मीकांत खाली बघून म्हणाले, “बाण आहे. फौजेचा. महूच्या लिलावातल्या शेकडो आमच्या दुकानावरून गेल्या.” मग नखानं माझ्या हँडलवरचा चांदीचा रंग जरासा खरवडला. खाली काळं निघालं. “लढाईतली आहे दिनानाथ. एकतीस सालची होऊच शकत नाही.”

मी सगळ्यांसमोर उघडी पडले. सीट काढलेली, हँडल सोललेलं, कपाळावर दुसरीची पट्टी. पाटावर हार घालून बसवायचे तेव्हा ज्या बायका मला कुंकू लावायच्या त्यांतली एक म्हणाली, बघा बाई, एवढी वर्षं. मला तिचा राग नाही आला. तिचं काय चुकलं?

नानासाहेब काही बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांनी सीट जागेवर बसवली आणि आपली सायकल घेऊन गेले.

दिनानाथनं मला घरापर्यंत फरफटत आणलं आणि अंगणात लाथ घातली. मागच्या चाकाचे आरे वाकले. मग तो बापावर घसरला. मेलेल्या माणसाला बोलू नये ते सगळं बोलला. खोटारडा म्हणाला, इनाम विकून खाल्लं म्हणाला, मला गल्लीत नंगा केला म्हणाला. हातात कुदळ घेऊन माझ्याकडं आला, की हिला आता भंगार करतो.

अंबिकाबाई स्वैंपाकघरातून आली आणि माझ्यापुढं उभी राहिली. हाताला पीठ होतं.

“विकलं नाही त्यांनी,” ती म्हणाली. “तुझ्यापायी गेलं.”

मग तिनं सांगितलं. मलाही ते तेव्हाच कळलं. दिनानाथ विशीचा होता. मंडीत एका टोपलीवरून हमालाशी भांडला. बाळकृष्ण नावाचा हमाल. रागात दिनानाथनं तराजूची दांडी उचलून त्याच्या मनगटावर घातली. त्याच दिवशी प्रतापरावांनी मुलाला देवासकडं मामाच्या गावी पाठवून दिलं. हाड वाकडंच जुळलं. त्या हातानं बाळकृष्णाला पोतं उचलता येईना, म्हणजे हमाली संपली. घरात बायको, लहान पोरं. बाळकृष्ण थाण्यावर जाणार होता, आणि गेला असता तर दिनानाथ जेलात होता. प्रतापराव त्याच्या घरी गेले आणि दरबारची सायकल त्याच्या दारात लावून आले. पट्टी तेवढी काढून घेतली, कोणी चोरीची म्हणू नये म्हणून. त्या सायकलीवरून बाळकृष्ण घरोघर अखबार टाकायला लागला.

“मला सांगितलं, त्यानं माफ केलं म्हणून,” दिनानाथ म्हणाला.

“तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? त्याच्या दारात जाऊन सायकल ओढून आणली असतीस. तुला मी ओळखते, आणि ते पण ओळखत होते.” तिनं हाताचं पीठ झटकलं. “मामाकडून परत आलास तेव्हा तुला दिसायला पाहिजे म्हणून ही आणली. आणि दरसाल ओट्यावर मान खाली घालून उभे राहिले. ते नम्र नव्हते बाबा. लाजत होते.”

दिनानाथनं कुदळ खाली ठेवली. आपटली नाही, ठेवली. त्याच्या हातून कुठलीही चीज अशी हळू खाली जाताना मी पहिल्यांदा बघितली.

दोन दिवसांनी त्यानं माझे आरे सरळ केले. मग पकडीनं माझ्या कपाळावरची पट्टी काढली, खिशात घातली आणि मला घेऊन नदीपलीकडं निघाला. मला कळलं आपण कुठं चाललोय, आणि माझी चाकं जड झाली.

बाळकृष्ण नुकताच अखबार टाकून आला होता. दारात ती उभी होती. खरी. निकल जागोजागी उडालेलं, पण जिथं होतं तिथं अजून चमकत होतं. तिच्यासमोर मला असं उभं केलं, जसं चोराला मालकासमोर करतात. ती काय बोलणार? मी तरी काय बोलणार?

दिनानाथनं पट्टी पुढं केली. म्हणाला, ही तुझ्या सायकलीची आहे.

बाळकृष्णानं ती बघितली, घेतली नाही. “तिची भोकं मी कधीच बुजवली भिया. पावसाचं पाणी आत जायचं.”

“मग सायकल तरी घेऊन ये नवमीला. पाटावर पहिली जागा तिची आहे. मी सांगतो सगळ्यांना, कोणाची हिंमत आहे बघू.” बिचाऱ्याला माफी मागायची होती, पण त्याच्या तोंडात माफीसुद्धा भांडणासारखीच आली.

बाळकृष्ण रागावला नाही. ते जास्त वाईट. उजवा हात त्यानं पुढं धरला, मनगटातून बाहेरच्या बाजूला वळलेला. “तुझ्या बापाकडं होती तोवर ती इनाम होती. माझ्याकडं आली ती या हाताच्या बदल्यात. पाटावर मांडायची तर शेजारी हा हातही मांडावा लागेल. मांडू?”

दिनानाथ त्या हाताकडं बघत राहिला. याआधी कधी त्यानं तो बघितलाच नव्हता. मंडीच्या वाटेवर एवढी वर्षं दोघं एकमेकांसमोरून जात होते.

आतून चहा आला. बाळकृष्णानं डाव्या हातानं कप दिला. दिनानाथनं दोन्ही हातांनी घेतला आणि उभ्यानंच प्यायला. गरम होता, तरी फुंकर घातली नाही. मग मला घेऊन घरी आला. वाटेत बसला नाही, चालत आला. पट्टी आईच्या हातात दिली. तिनं ती पदरात बांधली.

नवमीला ओट्यावर सगळे जमले. लोकांना वाटत होतं हा येणार नाही. तो आला. मला त्यानं खाली सतरंजीवर, विळे-खुरप्यांत टेकवलं आणि पाटापाशी गेला. म्हणाला, “नानासाहेब, तलवार पहिल्या जागी सरकवा. आमच्याकडं दरबारी काही राहिलं नाही. पण माझ्या बापाचं नाव घ्या. इनाम त्यानं खाल्लं नाही. मी एका गरिबाचा हात मोडला, त्यात ते गेलं. बाप मला झाकत होता.”

नानासाहेबांनी तलवार सरकवली, पण ज्या खुशीनं सरकवायची म्हणून इतकी वर्षं वाट बघितली ती काही तोंडावर दिसली नाही. आरतीचं तबक धरलं आणि सगळ्यांत आधी प्रतापरावांचं नाव घेतलं.

आता मी अशी आहे. कपाळावर दोन भोकं, हँडल अर्धं चांदीचं अर्धं काळं, मागं गोभीच्या टोपल्या. गल्लीतली पोरं मला फौजी म्हणतात. म्हणोत. पण लाज अजून जात नाही. कोणी कपाळाकडं बघितलं की हँडल वळवून घ्यावंसं वाटतं.

तुमच्या घरी एखादी जुनी सायकल असेल, वाडवडिलांच्या नावाची, तर एकदा सीट काढून तिचा नंबर बघा. आणि नंबर बापाच्या बोलण्याशी जुळला नाही, तर सायकलीला लाथ घालू नका, बापालाही शिवी देऊ नका. आधी घरातल्या म्हातारीला विचारा. आणि मी कुठं दिसले तर मला हार घालू नका, वंगण घाला. एवढंच मागणं आहे.

सकाळी मंडीला जाताना पुलावर बाळकृष्ण त्या खऱ्या सायकलीवरून समोर येतो. दिनानाथला लांबूनच दिसतो. तो माझ्यावरून खाली उतरतो, मला कठड्याला लावतो, आणि ती सायकल पुढं जाईपर्यंत बाजूला उभा राहतो. बाळकृष्ण घंटी वाजवत नाही, मान वळवत नाही.  मागून येणारे टांगेवाले ओरडतात, रस्त्यात काय को उभा आहेस. पूर्वीचा असता तर त्यानं चाबूक हिसकावला असता. आता नुसता उभा राहतो.